डोळ्यांचा आकडा नको, कामाची चाचणी घ्या: आरोग्यशिक्षण संस्थांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि मानसशास्त्र अभ्यासक्रमांचे प्रमुख, प्रवेश समित्या व वैद्यकीय तपासणी मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

अंध किंवा अल्पदृष्टी उमेदवाराचा अर्ज आपल्याकडे येतो तेव्हा तो बहुतेक वेळा एकाच कागदापाशी अडतो, तो म्हणजे नेत्रतज्ज्ञाचा दाखला. त्यावरचा आकडा वाचून पात्र की अपात्र हे ठरतं, आणि उमेदवाराला प्रत्यक्ष काही करून दाखवायला कुणी सांगत नाही. आमची मागणी अशी आहे: अभ्यासक्रमातलं एकेक काम सुटं करा, त्यातून नेमकं काय साधायचं आहे ते लिहा, आणि उमेदवार ते कोणत्या रीतीने साधतो याची चाचणी घ्या. जिथे साधता येणार नाही तिथे ‘नाही’ म्हणा. पण ते ‘नाही’ त्या एका कामापुरतं असू द्या, सगळ्या व्यवसायाला लावू नका.

आधी आकड्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल) तर ती अंधत्वात मोजतात. ही वर्गवारी निदानाला आणि जनगणनेला उपयोगी आहे. वॉर्डात कोण काय करू शकेल हे मात्र तिच्यावरून कळत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा दृष्टिपटलाचा आजार असलेली विद्यार्थिनी तक्त्यावर ६/९ वाचेल, आणि रात्रपाळीत मंद उजेडात पायाशी ठेवलेल्या स्टुलावर आदळेल, कारण तिचं दृष्टिक्षेत्र नळीसारखं अरुंद झालेलं असतं. स्टारगार्ट हा दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा आजार असलेला विद्यार्थी तक्त्यावर ६/६० वर थांबेल, पण गजबजलेल्या कॉरिडॉरमधून कुणालाही धक्का न लागता जाईल. त्याची अडचण औषधाच्या लेबलावर आहे, कारण तो जिथे नजर रोखतो नेमका तिथलाच भाग त्याला दिसत नाही. वर्णहीनता (अल्बिनिझम) असलेल्याला खिडकीसमोरच्या खाटेवरचा रुग्ण नीट दिसत नाही, पण पडदा ओढला की काम होतं. मधुमेही पटलविकार असलेल्याची नजर तर एकाच आठवड्यात वरखाली होते. पहिलीला जागेची आधी ओळख आणि नीट उजेड लागतो, दुसऱ्याला मोठी अक्षरं, तिसऱ्याला कमी झगमगाट. दाखल्यावरच्या आकड्यात यातलं काहीच नसतं.

आता काम सुटं करणं म्हणजे काय ते पाहू. रक्तदाब मोजणं घ्या. पट्टा बांधायचा, कोपराच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी शोधायची, स्टेथोस्कोप लावायचा, हवा सोडत कोरोटकॉफचे ध्वनी, म्हणजे धमनीतले ठोके, कुठे सुरू होतात आणि कुठे विरतात ते ऐकायचं आणि त्या क्षणीचा आकडा वाचायचा. यात डोळ्यांचं काम फक्त शेवटचं. तिथे बोलणारं यंत्र वापरा, किंवा अल्पदृष्टी विद्यार्थ्यासाठी मोठ्या तबकडीचं. पाऱ्याच्या स्तंभाची रेष दिसलीच पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मिनामाता करारानुसार पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्याची मुदत २०२० सालचीच होती.

शस्त्रक्रियागृहातला पल्स ऑक्सिमीटर प्रत्येक ठोक्याला ‘टिक’ वाजवतो, आणि रक्तातला प्राणवायू घटला की त्या आवाजाची पट्टी खाली येते. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे पाठ असतानाही तो बदल कानाने पकडतात. म्हणजे ऐकून निर्णय घेणं या व्यवसायाला नवीन नाही. हृदय बंद पडल्यावर करायच्या छातीदाबणीचंही तसंच. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं. हे सगळं हाताला कळतं, आणि हृदयाला विजेचा झटका देणारा स्वयंचलित डिफिब्रिलेटर पुढची पायरी बोलून सांगतो. पॅड कुठे लावायचे हे मात्र त्यावर चित्राने दाखवलेलं असतं. ते आधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) गळपट्टीचं हाड, काख आणि बरगड्या चाचपत पाठ करून घ्यावं लागतं. ऐन वेळी शिकवायची ही गोष्ट नाही.

स्नायूत द्यायच्या इंजेक्शनची जागा तर डोळस नर्सही हातानेच शोधते. नितंबाच्या बाजूची, व्हेंट्रोग्लुटिअल म्हणतात ती जागा घ्या. रुग्णाच्या डाव्या बाजूसाठी उजव्या तळहाताचा मागचा भाग मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवायचा, तर्जनी कटीच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट हाडाच्या कडेने मागे पसरवायचं, आणि दोन बोटांमधल्या त्रिकोणात सुई. जागा शोधण्यात दृष्टिबाधित विद्यार्थी मागे पडत नाही.

चूक होते ती औषध भरताना, आणि इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. फोनवरचं अक्षरवाचन ॲम्प्यूलच्या (औषधाच्या छोट्या कुपीच्या) गोल, चकाकत्या काचेवर फसतं. दशांशचिन्ह गळालं तर ०.५ चे ५ होतात, म्हणजे दहापट मात्रा. म्हणून कॅमेऱ्याने वाचलेल्या आकड्यावर मात्रा ठरवू नये. त्याचा उपयोग ‘ही बाटली कुठली’ एवढाच. त्यापुढे बारकोड आणि दुसऱ्या व्यक्तीची खातरजमा हवी. इन्सुलिनचं पेन फिरवताना दर युनिटला ‘टक’ वाजतं, पण टकटक मोजून मात्रा ठरवू नका अशी सूचना अनेक पेनांच्या माहितीपत्रकातच असते, आणि काही पेनांत एक टक अर्ध्या युनिटची असते. इन्सुलिनसारख्या जोखमीच्या औषधासाठी दोघांनी स्वतंत्रपणे तपासायची पद्धत अनेक रुग्णालयांत सर्वांनाच लागू आहे. तीच इथेही लावा, वेगळा नियम काढायची गरज नाही. द्रावण गढूळ झालं आहे का, त्यात कण आहेत का, हे पूर्ण अंध व्यक्तीला कळणार नाही. शिरेत कॅन्युला (सलाइनची बारीक नळी) घालताना मागच्या कप्प्यात रक्त आलं का हे पाहावं लागतं, आणि सुई शिरेत शिरताना बोटाला जाणवणारा हलका झटका हा त्याचा भरवशाचा पर्याय नाही. ही कामं सहकाऱ्याकडे सोपवावी लागतील, आणि सोपवताना कुणाकडे, कुठल्या पाळीत, त्याच्या बदल्यात कुठलं काम आपल्याकडे, हे लेखी ठरलेलं असावं. शस्त्रक्रिया किंवा क्ष-किरण वाचन पूर्ण अंध व्यक्तीने करावं असा आमचा दावा नाही. पण अर्धा दिवसही जी कामं पुढे करावी लागणार नाहीत, त्यांच्या नावाखाली मानसोपचाराकडे, पुनर्वसनाकडे किंवा जनआरोग्याकडे जाणाऱ्याला दारातच थांबवणं योग्य नाही.

या वाटेने लोक याआधी गेलेले आहेत. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध ॲक्युपंक्चर वैद्याने सुई नळीतून घालायची पद्धत रूढ केली. नळी सुईपेक्षा किंचित आखूड असते. ती त्वचेवर टेकवून वर उरलेलं टोक बोटाने टिचकी मारून आत घालतात, त्यामुळे दिशा ढळत नाही आणि पहिल्या टोचणीची खोली ठरलेली राहते. आज डोळस ॲक्युपंक्चर चिकित्सकही तीच नळी वापरतात. शिकागोत जन्मांध जेकब बोलोटिन १९१२ साली डॉक्टर झाले आणि हृदय व फुप्फुसांच्या आजारांवर काम करत राहिले. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठातून डेव्हिड हार्टमन १९७६ मध्ये आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातून टिम कॉर्ड्स २००५ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले. दोघेही मानसोपचाराकडे वळले. जर्मनीत डॉ. फ्रांक हॉफमन यांनी सुरू केलेल्या ‘डिस्कव्हरिंग हँड्स’ या उपक्रमात अंध आणि अल्पदृष्टी स्त्रियांना स्तनतपासणीचं प्रशिक्षण मिळतं. त्या छातीवर स्पर्शखुणा असलेल्या चिकटपट्ट्या लावतात, इंचाइंचाने तपासतात, आणि गाठ लागली तर पट्टीवरच्या खुणांच्या आधारे तिची नेमकी जागा डॉक्टरांना सांगतात. निदान डॉक्टर करतात. कामाची वाटणी किती नेमकी करता येते, ते इथे दिसतं.

फिजिओथेरपीत अंध व्यक्ती शतकाहून अधिक काळ काम करत आहेत. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना लंडनच्या सेंट डन्स्टन्समध्ये मसाजचं शिक्षण दिलं जाई. तरीही चाल तपासण्याचा विषय निघाला की आजही समिती थबकते, म्हणून तेच जरा जवळून पाहू.

रुग्णाला आधी हात न लावता दहा मीटर चालवून ऐकायचं. एका पायाचं पाऊल लवकर उचललं जात असेल तर लय विषम होते, त्या पायात वेदना असण्याची शक्यता. टाच टेकल्यावर पुढचा पंजा ‘थप्प’ आपटत असेल तर घोटा वर उचलणारे स्नायू अशक्त. मग रुग्णाच्या मागे उभं राहून दोन्ही हात कटीच्या हाडांच्या कडांवर हलके ठेवायचे आणि सोबत चालायचं. उजव्या पायावर भार असताना डावी बाजू खाली झुकली तर उजव्या नितंबाचे स्नायू कमजोर. हात ‘हलके’ यासाठी, की जरा दाब पडला तर रुग्ण त्यावर रेलतो आणि चाल बदलते. सुरुवातीला विद्यार्थ्यांकडून हीच चूक सर्वाधिक होते. या रीतीने हातांचा झोका आणि गुडघा मागे वाकणं निसटू शकतं. त्यासाठी गुडघ्यामागे हात ठेवून वेगळी तपासणी करा, किंवा निरीक्षकाची मदत घ्या. सांध्याचा कोन मोजायला उठावाच्या खुणा असलेला किंवा बोलणारा गोनिओमीटर मिळतो. खरी अडचण उपचारयंत्रांच्या सपाट टचस्क्रीनची आहे. बटण फिरवल्यावर ‘कट’ होणारं जुनं यंत्र अंध थेरपिस्ट सुरक्षितपणे चालवतो, तेच काम नव्या गुळगुळीत पडद्यावर अशक्य होतं. खरेदी समितीने ही गोष्ट दरपत्रक मागवण्याआधी पाहावी.

त्वचेचं निरीक्षण हा दुसरा नेहमीचा आक्षेप. दाबामुळे होणाऱ्या जखमेची पहिली खूण लाली असते हे खरं. पण गडद त्वचेवर ती लाली डोळस माणसालाही सहज ओळखू येत नाही, म्हणून तिथे त्वचेचा ऊबदारपणा, कडकपणा किंवा सूज हाताने पाहायला शिकवलं जातं. ही स्पर्शाची तपासणी सर्वांनाच शिकवा. कावीळ आणि निळसरपणा मात्र हाताला कळत नाही. तिथे बिलिरुबिन आणि ऑक्सिजनचं मोजमाप, नाहीतर पाहून सांगणारा माणूस लागतो.

या ‘पाहून सांगणाऱ्या’ माणसाबद्दल संस्थांमध्ये मोठा गोंधळ आहे. कुठे वर्गमित्रालाच जुंपतात, कुठे परीक्षेत तो नकोच म्हणतात. नियम सोपा आहे: दृश्य-साहाय्यक वर्णन करेल, अर्थ विद्यार्थी लावेल. ‘दोन्ही गालांवर आणि नाकाच्या कण्यावर लाल चट्टा आहे, नाकापासून ओठांकडे येणाऱ्या घडीत तो नाही’ हे वर्णन झालं. ‘फुलपाखरासारखा चट्टा आहे’ म्हटलं की ल्युपसचं निदानच सांगून टाकलं. विद्यार्थ्याने काय विचारायचं हेही शिकवावं लागतं: आकार किती, कडा कशी, पृष्ठभाग कसा, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखं आहे का. योग्य प्रश्न न सुचणं ही विद्यार्थ्याची उणीव, आणि त्यासाठी गुण जरूर कापा. साहाय्यकाला संस्थेने मानधन द्यावं, गोपनीयतेची लेखी हमी घ्यावी, आणि शक्यतो सत्रभर तीच व्यक्ती ठेवावी. दर आठवड्याला नवा माणूस आला की वर्णनाची पट्टीच बदलते.

अभ्याससाहित्याकडे वळू. शरीररचनाशास्त्रात हाताने शिकण्यासारखं सर्वाधिक आहे आणि तिथेच सर्वाधिक वेळ वाया जातो. विच्छेदनगृहात पातळ, बोटांना घट्ट बसणारे हातमोजे द्या, गर्दीच्या तासाव्यतिरिक्त वेळ द्या, आणि आधी खऱ्या हाडावर खुणा ओळखू द्या. उठावाच्या आकृत्या काढताना पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं फुगणाऱ्या कागदावर छापू नका. ब्रेकिअल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) एका कागदावर उतरवला तर बोटाखाली नुसता गुंता येतो. मुळं आणि खोडं एका कागदावर, विभाग आणि दोरखंड दुसऱ्यावर, शाखा तिसऱ्यावर घ्या. दोन रेषांत किमान ३ मिलिमीटर अंतर ठेवा, आणि ब्रेल नावं आकृतीत न कोंबता एक-दोन अक्षरी खूण देऊन यादी वेगळी द्या. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर दाखवलं तर बऱ्याच अल्पदृष्टी विद्यार्थ्यांचं भागतं. पूर्ण अंध विद्यार्थ्याकडून पेशीरचनेचं ज्ञान मागा, काचपट्टी ओळखण्याचा हट्ट धरू नका.

नोट्स स्कॅन करून पाठवल्या की स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात एकही अक्षर सापडत नाही, तो पानाला कोरं चित्र समजतो. मूळ टाइप केलेली फाईल द्या, मथळ्यांना मथळ्याची शैली लावा, तक्ता चित्र म्हणून चिकटवू नका, आणि प्रत्येक आकृतीखाली ती काय दाखवते ते दोन-तीन ओळींत लिहा. एवढ्याने निम्म्या तक्रारी संपतात.

रुग्णालयाची संगणकप्रणाली हा मात्र सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत घातक अडथळा आहे. पदवी मिळाल्यावर माणूस अडतो तो इथे. बटणांना नावं दिलेली नसली की स्क्रीन रीडर फक्त ‘बटण, बटण, बटण’ म्हणत जातो. असामान्य रिपोर्ट केवळ लाल रंगात दाखवला तर ऐकणाऱ्याला तो सामान्यच वाटतो. आकड्यापुढे ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असं अक्षरात असायला हवं, त्याने रंगांधळ्या डॉक्टरांचीही सोय होते. बरीच रुग्णालयं प्रणाली दूरच्या सर्व्हरवर चालवतात आणि टेबलावरच्या संगणकावर तिचं फक्त चित्र येतं. अशा वेळी टेबलावरचा स्क्रीन रीडर मुका होतो, आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो. उपाय असा की स्क्रीन रीडर सर्व्हरवरच्या सत्रात बसवायचा, आणि हे पोस्टिंग सुरू होण्याआधी माहिती-तंत्रज्ञान विभागाकडून करून घ्यायचं. पुढच्या खरेदीच्या निविदेत डब्ल्यूसीएजी २.१ (वेबसुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष), एए पातळी ही अट घाला, आणि पुरवठादाराच्या शब्दावर न थांबता माऊस काढून ठेवून फक्त कीबोर्डने एक रुग्णनोंद, एक औषधपत्र आणि एक रिपोर्ट पूर्ण करून दाखवायला सांगा.

वॉर्डातली सोय फारशी खर्चाची नाही. पोस्टिंगच्या आधी शांत वेळेत विद्यार्थ्याला वॉर्ड फिरवून दाखवा: खाटांचे क्रमांक कुठून सुरू होतात, क्रॅश ट्रॉली (तातडीच्या उपचारांच्या साहित्याची गाडी), हात धुण्याची जागा, सुया टाकायचा डबा. या वस्तूंच्या जागा हलवू नका, आणि हलवल्याच तर त्या पाळीला सांगा. पांढरी काठी वॉर्डात चालते. दांडा आणि टोक जंतुनाशकाने पुसायचं, निर्जंतुक क्षेत्राबाहेर घडी करून ठेवायची. रुग्णाशी बोलायची रीतही शिकवण्याचाच भाग आहे: ‘मी फिजिओथेरपीचा विद्यार्थी आहे. मला दिसत नाही, म्हणून मी हाताने तपासेन. हात ठेवण्याआधी दर वेळी कुठे ठेवतोय ते सांगेन. चालेल ना?’ रुग्ण नको म्हणाला तर तो त्याचा हक्क, जसा तो कुठल्याही विद्यार्थ्याच्या बाबतीत असतो.

परीक्षेत जादा वेळ देऊन संस्था मोकळ्या होतात. पण ऑस्कीच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, स्टेशनवर वेळ वाढवून उपयोग काय, जर पुढ्यात छायाचित्र असेल? त्या स्टेशनसाठी परीक्षकांनी आधीच संमत केलेलं लेखी वर्णन हवं. लेखनिकाला वैद्यकीय संज्ञांचं स्पेलिंग यायला हवं, आणि विद्यार्थ्यासोबत त्याचा किमान एक सराव झालेला हवा.

आणखी एक. दृष्टिबाधित म्हटलं की समुपदेशन किंवा मसाज, असं परस्पर ठरवू नका. वाचा-उपचार, श्रवणशास्त्र, साथरोगशास्त्र, आरोग्य-माहितीशास्त्र, पुनर्वसन-वैद्यक या सगळ्या वाटा त्यांना समजावून सांगा आणि निवड त्यांच्यावर सोडा. नोकरीच्या मध्यावर नजर गेलेल्या नर्सला किंवा डॉक्टरलाही हीच कामवार चाचणी लावा. तिच्याकडे वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, आणि संस्थेला तिच्यासाठी बदलावी लागतील ती फक्त काही कामं.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. पण वाजवी काय हे ठरवायला कुणीतरी एकदा उमेदवारासमोर बसावं लागतं. म्हणून पुढच्या प्रवेशफेरीआधी तीन गोष्टी करा. पात्रतेच्या निकषांतून ‘सामान्य दृष्टी आवश्यक’ ही ओळ काढून कामांची यादी प्रसिद्ध करा. तपासणी मंडळावर नेत्रतज्ज्ञासोबत त्या विषयाचा शिक्षक आणि त्या क्षेत्रात काम करणारी एक दृष्टिबाधित व्यक्ती ठेवा. आणि प्रवेश निश्चित झाला की सत्र सुरू होण्याच्या किमान आठ आठवडे आधी विद्यार्थ्यासोबत पहिली बैठक घ्या. पाठ्यपुस्तकं वाचनीय स्वरूपात आणायला, साहाय्यक नेमायला आणि संगणकप्रणाली तपासायला एवढा वेळ लागतोच. पहिल्या दिवशी सुरुवात केली तर पहिली परीक्षा पुस्तकांविनाच द्यावी लागते, आणि त्या निकालावरून पुन्हा विद्यार्थ्याच्याच क्षमतेवर शंका घेतली जाते.

आपले,
दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसोबत आरोग्यशिक्षणात काम करणारे शिक्षक, थेरपिस्ट आणि सुलभता-तंत्रज्ञ